आपला फोटो आपण काढायचा

ईदच्या तिसऱ्या दिवशी आपाचा फोन आला. "तू आ जा. तूच समझा उसकू. तेरीच सुनती वो."

समजवायचं होतं भाचीला. वय सतरा, बारावीला आहे. तिनं घरातल्या घरात स्वतःचे चार फोटो काढले होते आणि इन्स्टाग्रामवर टाकले होते. खातं खासगी. पाहणाऱ्या साठेक जणी, सगळ्या मैत्रिणी आणि नात्यातल्या मुली. त्यातल्याच कुणीतरी एका फोटोचा स्क्रीनशॉट काढला आणि खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तिचा मोबाइल दूल्हाभाईंच्या कपाटात कुलूपबंद झाला होता.

खरं सांगते, मी रागवायच्याच तयारीनं गेले. मी शाळेत मराठी शिकवते आणि मुलींच्या दप्तरातले मोबाइल काढून घेणं हे माझं रोजचं काम आहे. सेल्फीचं वेड, आरशासमोरचे तास, अभ्यासाचं वाटोळं ही सगळी वाक्यं रिक्षातच जुळवून ठेवली होती. पण आधी फोटो पाहू म्हणून मोबाइल मागून घेतला आणि ती वाक्यं तोंडातच राहिली.

पहिल्या फोटोत खिडकीला लावलेली पांढरी ओढणी आणि तिच्यावर पडलेली मुलीची सावली. चेहरा नाहीच. दुसऱ्यात तांब्याच्या परातीत उमटलेला चेहरा, ठोक्यांच्या खुणांमुळे तुकड्या-तुकड्यांचा झालेला. तिसऱ्यात अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. आणि चौथा तो, ज्यावरून एवढं रामायण झालं. भिंतीवरच्या खुंटीला एक काळा बुरखा टांगलेला आणि त्याच्याखाली भाची कॉलेजच्या गणवेशात मांडी घालून बसलेली, सरळ कॅमेऱ्यात बघत.

ग्रुपवर कुणी म्हणालं, बुरख्याची चेष्टा केली. कुणी म्हणालं, ही आजकालची पोरं, आता काय बुरखा उतरवून दाखवणार का. एका चुलत मामांनी तर तीन मिनिटांचं भाषण रेकॉर्ड करून पाठवलं.

मी तिला विचारलं, हे काय आहे?

ती म्हणाली, "खाला, तो नानीचा बुरखा आहे. नानीचा आणि माझा एकत्र फोटोच नाही ना. म्हणून काढला."

इतकंच. तिला हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नव्हता.

घरी येऊन मी आमची फोटोंची पिशवी काढली. अल्बम म्हणावा असं काही नाही, प्लॅस्टिकची पिशवीच आहे. अम्मीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचे एकूण तीन फोटो निघाले. एक मतदार ओळखपत्राचा, एक आधारचा आणि एक रेशन कार्डासाठी काढलेला, ज्याच्यावर शिक्क्याची अर्धी गोल रेघ आहे. आमच्या लग्नांमध्ये फोटोग्राफर नसायचा, अब्बांना चालत नसे. हॉलमध्ये अम्मीची जी तसबीर आहे ती मतदार ओळखपत्रावरून मोठी करून घेतलेली. त्यात ती घाबरलेली दिसते. अम्मी आयुष्यात कुणाला घाबरली नाही. आमच्या गल्लीतले दूधवाले, भाजीवाले तिला घाबरायचे. पण आम्हाला आता ती तशीच आठवते, कारण फोटो तसाच आहे. त्या दिवशी रांगेत तिला कुणीतरी सांगितलं असेल, इकडे बघा, कान दिसू द्या, हलू नका. सरकारी कॅमेऱ्यासमोरचा तो एक क्षण तिच्या नावावर कायमचा चिकटला.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. आपण बाहेरच्या जगाला कसे दिसतो? वर्तमानपत्रात मुसलमानांविषयी बातमी असू द्या, ती शिक्षणाची असो, लोकसंख्येची असो, तलाकची असो की बजेटमधल्या तरतुदीची. सोबतचा फोटो ठरलेला. एक तर काळ्या बुरख्यातल्या तीन-चार बायका, बहुतेक वेळा पाठमोऱ्या. नाही तर सजद्यात वाकलेल्या पुरुषांच्या पाठी. माझ्या शाळेतल्या एका सहशिक्षिकेनं मला भाबडेपणानं विचारलं होतं, तुम्ही घरात पण बुरखाच घालता का? तिचा दोष नाही. आमच्या घराच्या आतला एकही फोटो तिनं कधी पाहिलेला नव्हता. स्वयंपाकघरात पीठ मळणारी, परीक्षेचे पेपर तपासणारी, दुपारी रेडिओ लावून झोपलेली मुसलमान बाई वर्तमानपत्राला सापडत नाही, कारण तिचा फोटो बाहेरच्याला काढता येत नाही. तो तिलाच काढावा लागेल.

म्हणजे आपल्या चेहऱ्याचे दोनच मालक आहेत. एक सरकारी कचेरी आणि दुसरा बातमीदार. माझ्या सतरा वर्षांच्या भाचीनं यात तिसरा मालक आणला, स्वतःला. म्हणून मला तिची बाजू घ्यायची आहे.

"पण हे सेल्फीच ना?" असं मला दूल्हाभाईंनी विचारलं. नाही. सेल्फी म्हणजे मी कुठे आहे, कुणाबरोबर आहे, कशी दिसते हे पटकन दुसऱ्याला कळवणं. त्यात वाईट काही नाही. पण स्वतःचं व्यक्तिचित्र काढायला बसलेला माणूस आधी विचार करतो. उजेड कुठून येतो, मागे काय दिसेल, मी काय दाखवणार, काय झाकणार. भाचीनं सावलीच्या त्या एका फोटोसाठी दोन सकाळी घालवल्या होत्या.

आणि हे खूळ मोबाइलनं आणलेलं नाही. फोटोग्राफी जन्मली त्याच वर्षी, 1839 साली, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणानं घरच्या दिव्यांच्या दुकानाजवळ कॅमेरा मांडून स्वतःचाच फोटो काढला. जगातल्या अगदी सुरुवातीच्या व्यक्तिचित्रांपैकी ते एक. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये इपोलित बायार यानं स्वतःला बुडून मेलेला माणूस दाखवणारा फोटो काढला. त्यानंही फोटो बनवण्याची एक पद्धत शोधली होती, पण सगळा मान दागेर याला मिळाला. त्याची ती तक्रार होती. बोलून ऐकलं नाही, म्हणून फोटोतून सांगितली.

आपल्याकडे चित्रकार अमृता शेरगिल सगळ्यांना माहीत आहे. तिचे वडील उमरावसिंग शेरगिल संस्कृत आणि फारसीचे जाणकार होते. त्यांनी तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत हंगेरीत, पॅरिसमध्ये, शिमल्यात, जिथे घर होतं तिथे स्वतःचे फोटो काढले. पुस्तकं वाचताना, योगासनं करताना, नुसतं बसलेले. कुणी काढायला सांगितले नव्हते. आज ते भारतीय फोटोग्राफीच्या इतिहासात मोडतात.

आणि एक नाव जे मला अलीकडेच कळलं, खदिजा साये. आईवडील गांबियाचे, ती वाढली लंडनमध्ये. वडील मुसलमान, आई ख्रिश्चन. तिनं धातूच्या पत्र्यावर फोटो काढण्याच्या जुन्या पद्धतीनं स्वतःची चित्रं केली. हातात जपमाळ, धुपाचं भांडं, ताईत, दात घासायची काडी. आपल्या घरांमध्ये असतात तशाच वस्तू. 2017 साली ती चित्रं व्हेनिसच्या बिएनालेत लागली. त्याच वर्षी 14 जूनला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली. विसाव्या मजल्यावरच्या घरात राहणारी खदिजा आणि तिची आई, दोघीही त्यात गेल्या. ती चोवीस वर्षांची होती.  खदिजाचा चेहरा मात्र तिनं स्वतः ठरवला होता तसा राहिला. हे वाचलं तेव्हा मला हॉलमधल्या अम्मीच्या तसबिरीकडे बघवेना.

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपण करून बघावं, म्हणून मीही एक रविवार काढला. फज्रची नमाज झाल्यावर घर झोपलेलं होतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. भाचीनं सगळं सांगून ठेवलं होतं. पुढचा कॅमेरा नको, मागचा वापर, तो चांगला असतो. हात लांब करून काढलं की नाक मोठं दिसतं, मोबाइल लांब ठेव. मी तो हळदीच्या बरणीला टेकवला. टायमर दहा सेकंदांचा. फोकस कशावर धरायचा, तर जिथे बसायचंय तिथे आधी उशी ठेवायची, स्क्रीनवर उशीवर बोट दाबून धरायचं आणि मग उशी काढून आपण बसायचं. खिडकीकडची बाजू उजळ आणि दुसरी बाजू अगदीच काळी दिसत असेल तर अंधाऱ्या बाजूला स्टीलचं ताट किंवा पांढरी चादर धरायची, उजेड परत फिरतो. ऊन थेट येत असेल तर खिडकीला पातळ ओढणी लावायची. एवढंच सामान. एक पैसा खर्च नाही.

पहिले वीस-पंचवीस फोटो पाहून मला हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं. सगळ्या फोटोंत मी तीच होते, ओळखपत्रावरची. हनुवटी खाली, खांदे आत, ओठ मिटलेले, "झालं का?" असं विचारणारे डोळे. समोर कुणी कर्मचारी नव्हता, रांग नव्हती, माझंच स्वयंपाकघर होतं. तरी कॅमेरा दिसला की माझं शरीर तपासणीला उभं राहत होतं. अम्मीच्या तसबिरीतली ती भीती अम्मीची एकटीची नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी कॅमेऱ्याकडे बघणं सोडलं आणि कणीक मळायला घेतली. टायमर लावायचा, हात धुवायचे नाहीत, कोपरानं बटण दाबायचं. चाळीसेक फोटो झाले. दोन ठेवले. त्यातल्या एकात मी खिडकीकडे बघतेय, बोटांना पीठ लागलंय, ओढणी खांद्यावरून घसरलीय आणि चेहरा अर्धाच दिसतोय. पण ती मी आहे. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी मला ओळखू आले.

आता आक्षेपांकडे येते. ते मला उडवून लावायचे नाहीत, कारण ते माझ्याच घरातले आहेत.

पहिला आक्षेप अब्बांचा. "अपनीच फोटू कायकू निकालना? तस्वीर हराम है बेटा." अब्बा हे मनाचं बोलत नाहीत. चित्रं बनवणाऱ्यांबद्दल कडक इशारा देणाऱ्या हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत. कॅमेऱ्याचा फोटो त्यात मोडतो का, यावर मात्र उलेमांमध्ये शंभर वर्षांहून जुना मतभेद आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती राहिलेले शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोला परवानगी दिली. त्यांचं म्हणणं, यात माणूस काही घडवत नाही, आरशात पडावी तशी पडलेली सावली फक्त धरून ठेवतो. उलट देवबंदी परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी यांनी फोटोच्या विरोधात स्वतंत्र पुस्तक लिहिलं. दोन्हीही मोठे आलिम. मी आलिमा नाही, मी निकाल देणार नाही. ज्याला जे पटतं त्यानं ते पाळावं. अब्बा पाळतात, मी त्यांचा फोटो काढत नाही.

पण विरोध करणारे उलेमाही जरूरत म्हणून सूट देतात. पासपोर्ट, ओळखपत्र, हजचा अर्ज. अब्बा हजला गेले तेव्हा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो काढावाच लागला. तेव्हा उरलेल्या तीन प्रती त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्यात. माझा प्रश्न फक्त एवढाच आहे की जरूरत कुणाची धरायची? सरकारला माझा चेहरा हवा असतो तेव्हा ती जरूरत. मग सतरा वर्षांच्या मुलीला गेलेल्या नानीशेजारी बसायचं असतं ती काय असते?

शिवाय एक विसंगतीही बोलून टाकते. ज्या चुलत मामांनी भाचीवर भाषण पाठवलं, ते व्हिडिओतच होतं. त्यांचा चेहरा चालतो. तिचा नाही. हा मसला तस्वीरचा कमी आणि मुलीचा जास्त आहे.

दुसरा आक्षेप आपाचा, आणि तो मला जास्त खरा वाटतो. तिला भीती वाटते. 2021 च्या जुलैमध्ये आणि पुन्हा 2022 च्या पहिल्या जानेवारीला काय झालं ते आपण विसरलेलो नाही. सोशल मीडियावरून मुसलमान मुलींचे, पत्रकार बायकांचे फोटो उचलून अ‍ॅपवर त्यांचा "लिलाव" मांडला गेला. त्यांत साधे, रोजचे, हिजाबमधलेही फोटो होते. आता तर एका फोटोवरून खोटा व्हिडिओ बनवता येतो. आई घाबरते ती जुनाट विचारांची असते म्हणून नाही, ती वर्तमानपत्र वाचते म्हणून.

पण त्या घटनेतून आपण चुकीचा धडा घेतला, असं मला वाटतं. गुन्हा करणारे दुसरे आणि मोबाइल काढून घेतला गेला आपल्या मुलींचा. ज्यांचे फोटो चोरले गेले त्यांतल्या अनेकजणी गप्प बसल्या नाहीत, पोलिसांत गेल्या, नाव देऊन बोलल्या. म्हणूनच अटका झाल्या. आपण मुलीला काय शिकवायचं? फोटो काढणं आणि फोटो टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढ भरपूर. टाकायचा की नाही ते थांबून ठरव. इंटरनेटवर टाकलेला कुठलाही फोटो खासगी राहत नाही हे धरून चाल, कारण या प्रकरणातला चोर परका नव्हता, नात्यातलाच होता. जो आवडतो तो स्टुडिओत जाऊन कागदावर काढून घे, वहीत चिकटव. आणि कुणी गैरवापर केलाच तर लपवू नकोस, घरात सांग, सायबर पोलिसांकडे तक्रार करू. हे शेवटचं वाक्य बोलता यावं एवढा विश्वास घरात नसेल, तर मोबाइल कपाटात ठेवून काही उपयोग नाही.

तिसरा आक्षेप पडद्याचा. पडदा आणि फोटो एकत्र नांदतच नाहीत, असं आपण समजून बसलोय. आपल्याच दख्खनचा इतिहास वेगळं सांगतो. लाला दीनदयाळ या नामवंत फोटोग्राफरनं 1892 साली हैदराबादमध्ये जनाना स्टुडिओ उघडला होता. पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी जागा, फोटो काढणारी एक इंग्रज बाई. म्हणजे त्या बायकांनी पडदा सोडला नाही आणि फोटोही सोडला नाही. त्यांनी फक्त कोण बघणार हे ठरवलं. आज भाचीच्या खोलीत दार लावून, टायमर लावून जे चालतं, तो तसाच जनाना स्टुडिओ आहे. फरक एवढाच की आता त्या इंग्रज बाईचीही गरज उरलेली नाही. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांच्यासाठी सावली आहे, हात आहेत, पाठ आहे, परातीतलं तुटक प्रतिबिंब आहे. अमेरिकेत मुलं सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईनं स्वतःच्या सावलीचे, काचेतल्या प्रतिबिंबाचे कितीतरी फोटो काढून ठेवले आणि हयातभर ते जगासमोर आणलेच नाहीत. झाकणं हीसुद्धा व्यक्तिचित्राचीच भाषा आहे. काय झाकायचं हे मात्र काढणारीनं ठरवावं.

आमच्या घरचा निकाल काय लागला, तेही सांगते. पूर्ण जिंकले नाही. मोबाइल आठ दिवसांनी परत मिळाला. खातं बंद झालं, त्याला भाचीही तयार झाली. पण बुरख्याचा तो फोटो दूल्हाभाईंनी आधीच पुसून टाकला होता. आधी मला वाटलं, स्क्रीनशॉट तरी ग्रुपवर असेल, पण तोही कुणीतरी भीतीनं सगळ्यांसाठी डिलीट केलेला. मी म्हटलं, पुन्हा काढ. ती म्हणाली, "तसा नाही येणार खाला." तिचं बरोबर आहे. आणि अम्मीचा बुरखाही आता खुंटीवर नाही. आपानं तो धुऊन, घडी घालून पेटीत ठेवलाय.

एका चांगल्या मुलीचा एक चांगला फोटो आम्ही सगळ्यांनी मिळून घालवला. न विचारता घालवला. मला त्याचं वाईट वाटतं आणि म्हणून हे लिहिलं.

तुमच्या घरात अशी मुलगी असेल, मुलगा असेल, खिडकीला ओढणी बांधून काहीतरी उद्योग करत असेल, तर ओरडण्याआधी एकदा विचारा, हे काय आहे? आणि जमलं तर एखाद्या सकाळी घरातल्या म्हाताऱ्या बाईला त्या खिडकीशी बसवा, मोबाइल बरणीला टेकवा, बटण तिलाच दाबू द्या. तिला नको असेल तर राहू द्या. पण तिला हवा असेल, तर उद्या हॉलमध्ये लावायला तुमच्याकडे मतदार ओळखपत्राखेरीज काहीतरी असेल.